टीएसएच नॉर्मल आहे, मग बाई का थकते?

थायरॉइडची तपासणी म्हणून तुम्ही रक्त देता, तेव्हा सगळ्यात आधी जे मोजलं जातं ते थायरॉइडचं नसतंच. टीएसएच गळ्यातल्या ग्रंथीत तयार होत नाही. ते येतं डोक्यातून, नाकाच्या मुळामागे कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या एका ग्रंथीतून. पुस्तकात तिला पीयूषिका म्हणतात, डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या बल्लारपुरात बहुतेक जण तिला काहीच म्हणत नाहीत, कारण तिचं नाव कधी कानावरच पडलेलं नसतं.

मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी करून लागले ती इथंच आहे. साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि पावसाळ्यात मलेरिया यांच्या खालोखाल आमच्या रजिस्टरमध्ये टीएसएच असतं. रिपोर्ट घ्यायला आलेली बाई पहिला प्रश्न करते, "मॅडम, थायराइड त नाही ना निंगाला?" नाही म्हटलं की सुटकेचा श्वास सोडून जाते. रिपोर्टाचा अर्थ सांगणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण त्या एका आकड्यावर लोकांचा किती भरवसा असतो ते मी खिडकीतून रोज बघते. तो भरवसा कुठवर बरोबर आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी ही पीयूषिका समजून घेऊ. वजन साधारण अर्धा ग्रॅम. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याला ती एका बारीक देठाने लोंबकळते. तिचे दोन भाग, आणि दोघांचं कुळच वेगळं. पुढचा भाग खरी ग्रंथी. तो सहा संप्रेरकं बनवतो: थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना हलवणारं एसीटीएच, बीजांडकोश आणि वृषणं यांच्यावर चालणारी एलएच आणि एफएसएच, वाढीचं संप्रेरक आणि दूध बनवणारं प्रोलॅक्टिन. मागचा भाग म्हणजे मेंदूच्याच नसांची खाली उतरलेली टोकं. तिथं काही तयार होत नाही. हायपोथॅलॅमसमध्ये बनलेली व्हासोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन संप्रेरकं तिथं साठतात आणि गरजेप्रमाणे रक्तात सुटतात.

शाळेच्या पुस्तकात हिला 'मास्टर ग्रंथी' म्हटलेलं असतं. मला ते पटत नाही. माझे बाबा पेपर मिलमध्ये होते. मिलच्या भाषेत सांगायचं तर ही मालक नाही, पाळीचा फोरमन आहे. वरच्या ऑफिसातून चिठ्ठी आली की तो खालच्या खात्याला हाक देतो. खाली माल कमी निघाला की आवाज चढवतो, पुरेसा निघाला की गप्प बसतो. वरचं ऑफिस म्हणजे हायपोथॅलॅमस. खालचं खातं म्हणजे थायरॉइड, अधिवृक्क, बीजांडकोश. आणि टीएसएच म्हणजे फोरमनचा आवाज. थायरॉइड मंदावला तर टीएसएच चढतो, थायरॉइड बेफाम सुटला तर टीएसएच जवळपास नाहीसा होतो. म्हणूनच हा एक आकडा इतका उपयोगी आहे: बहुतेक रोग्यांत बिघाड खालच्या खात्यातच असतो.

पण फोरमनच आजारी पडला तर? मग खाली काम थंडावतं आणि ओरडणाराही कोणी नसतो. थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर, कमी आणि टीएसएच मात्र कमी किंवा चक्क नॉर्मल. अशा रोग्याचा फक्त टीएसएच काढला तर रिपोर्ट सरळ येतो आणि माणूस आजारीच राहतो.

हे आवाज ऐकू येणं म्हणजे मोजता येणं, हीसुद्धा फार जुनी गोष्ट नाही. एसीटीएच आपण एका मिलिलिटर रक्तात पिकोग्रॅममध्ये मोजतो, आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. एवढीशी वस्तू रक्तात मोजता येईल हे १९५०च्या दशकापर्यंत कोणाला खरं वाटलं नसतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन या दोघांनी किरणोत्सर्गी खूण लावलेल्या संप्रेरकाचा आणि प्रतिपिंडांचा वापर करून ही पद्धत बसवली. सुरुवात इन्शुलिनपासून झाली. त्यांनी पेटंट घेतलं नाही. १९७७चं वैद्यकाचं नोबेल यालोबाईंना मिळालं तेव्हा बर्सन हयात नव्हते. त्याच वर्षीच्या पुरस्काराचा दुसरा अर्धा वाटा रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना मिळाला. वरच्या ऑफिसातल्या चिठ्ठ्या नेमक्या कोणत्या रसायनात लिहिलेल्या असतात, ते या दोघांनी एकमेकांशी चुरस करत शोधलं. एकाने लाखो मेंढ्यांच्या मेंदूतला तो इवलासा भाग गोळा केला, दुसऱ्याने डुकरांच्या. आज आमच्या लॅबमधलं यंत्र किरणोत्सर्गाऐवजी प्रकाशावर चालतं, पण युक्ती यालोबाईंचीच.

आता आमच्या गावाकडे येते, कारण या ग्रंथीचं काम बघायला बल्लारपुरासारखं गाव नाही. इथं पेपर मिल आहे, कोळशाच्या खाणी आहेत, रेल्वे जंक्शन आहे. म्हणजे रातपाळी करणारी माणसं घरोघरी. आणि अधिवृक्क ग्रंथींच्या कॉर्टिसॉलची तपासणी सकाळी आठची.

असं का, तर हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं घड्याळ आहे आणि त्याला डोळ्यांतून उजेडाची खबर मिळते. पहाटेकडे एसीटीएच वाढू लागतं, त्यामागे अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल चढतं आणि जाग येण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असतं. मध्यरात्रीच्या आसपास ते तळाला जातं. सकाळी आठला कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर गंभीर होतात. १५च्या वर असेल तर बहुधा काळजी मिटते. पण हे आकडे रात्री झोपलेल्या माणसाचे. रातपाळी सुटल्यावर डबा हातात घेऊन थेट लॅबमध्ये आलेल्या माणसाची सकाळ आठला झालेलीच नसते. शिवाय पाळी बदलत राहिली की घड्याळाला एका जागी बसायला वेळच मिळत नाही. म्हणून कॉर्टिसॉलचा नमुना घेताना मी विचारते, "भाऊ, काल झोपले कधी, उठले कधी?" ते उत्तर फॉर्मवर लिहून पाठवते. टीएसएचही रात्री वर आणि दुपारी खाली असतं. सीमेवरचा आकडा असेल तर एकाच माणसाचे सकाळ-दुपारचे रिपोर्ट वेगवेगळे वाटू शकतात. तपासणी दर वेळी साधारण एकाच वेळी करावी, हे सांगायला पैसे लागत नाहीत.

एसीटीएचचा नमुना म्हणजे तर तारांबळ. ते रक्तात टिकत नाही. ट्यूब आधीच गार करून ठेवायची, रक्त काढलं की बर्फात, लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा, गोठवायचा आणि मग नागपूरला धाडायचा. दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर, आणि बाहेर मे महिना.

मे महिना म्हटला की व्हासोप्रेसिनचं सांगावंच लागेल. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४७च्या वर गेलेला आम्ही पाहिला आहे. अशा दिवशी उघड्यावर काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर घाम सहज जातो. रक्त किंचित दाट होतं. हे दाटपण एक-दोन टक्क्यांनी जरी बदललं तरी हायपोथॅलॅमसला कळतं, पीयूषिकेच्या मागच्या भागातून व्हासोप्रेसिन सुटतं आणि मूत्रपिंडांना हुकूम जातो: पाणी धरून ठेवा. लघवी थोडी आणि गडद होते. थोडं पुढं जाऊन तहान लागते. म्हणजे तहान लागेपर्यंत शरीराने पाणी वाचवायला सुरुवात केलेली असते. हे संप्रेरक अजिबातच नसेल तर माणसाला दिवसाला दहा-पंधरा लिटरही लघवी होते आणि तो घागरीने पाणी पितो. अशा रोग्याला सगळे आधी साखर तपासायला पाठवतात, आणि साखर निघत नाही.

दारू व्हासोप्रेसिनला दाबते. उन्हातून येऊन थंड बिअर किंवा मोहाची घेतली की बरं वाटतं हे खरं. पण घेतलं त्यापेक्षा जास्त पाणी लघवीतून निघून जाऊ शकतं. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्यावर कोणी काहीही म्हणो, मूत्रपिंडांचं मत मी सांगितलं.

हुकूम सुटतो पण ऐकणारा बहिरा आहे, हा प्रकार आमच्याकडे विशेष. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल पुष्कळ. या आजारात विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तो भाग हळूहळू निकामी होतो. नेमका तोच भाग व्हासोप्रेसिनच्या हुकमावर लघवी घट्ट करतो. मग पीयूषिका शाबूत, व्हासोप्रेसिन भरपूर, तरी लघवी पातळच. सिकलसेलचं पोर रात्री अंथरूण ओलं करतं म्हणून मार खातं, ते बऱ्याचदा याच कारणाने. त्याला उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की पेशी आणखी वाकड्या होतात आणि कळा सुरू होतात. या मुलांच्या शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली हे औषधच समजावं.

ज्यासाठी लिहायला बसले तिथे आता येते.

वर्धा नदीच्या पलीकडच्या एका गावातली बाई आमच्याकडे अधूनमधून यायची. गावाचं नाव सांगत नाही. दर वेळी तक्रार तीच: अंगात जीव नाही, थंडी वाजते, भूक नाही, उठलं की चक्कर. हिमोग्लोबिन थोडं कमी, साखर नॉर्मल, टीएसएच नॉर्मल. घरचे म्हणायचे, कामाची चुकार आहे. एकदा एका डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून बाळंतपणाचं विचारलं. शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, शुद्ध हरपली होती. बाळाला पाजायला पान्हा फुटलाच नव्हता. त्यानंतर पाळी आली ती आलीच नाही. कोणी विचारलं नव्हतं म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चिठ्ठीवर टीएसएचच्या जोडीला फ्री टी-फोर, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन, एफएसएच असं सगळं लिहून आलं. टीएसएच पुन्हा नॉर्मल. बाकी सगळं तळाला.

या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली तो नीट मांडला. गरोदरपणात दूध बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि पीयूषिका फुगते. तिला रक्त मात्र पुरवलं जातं ते कमी दाबाच्या शिरांच्या जाळ्यातून. बाळंतपणात रक्तस्राव होऊन दाब कोसळला की या फुगलेल्या ग्रंथीपर्यंत रक्त पोचत नाही आणि पुढचा भाग मरतो. पहिली खूण म्हणजे दूध न येणं. मग पाळी जाते, काखेतले केस झडतात; पुढं थायरॉइड आणि अधिवृक्क थंडावतात. हे इतकं सावकाश चालतं की निदानाला वर्षानुवर्षं जातात. श्रीमंत देशांत हा आजार आता क्वचित दिसतो. आपल्याकडे काश्मीरमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाळंतपण झालेल्या बायकांत शेकडा सुमारे तीन जणींना तो आढळला. विदर्भातल्या डोंगर-जंगलातल्या गावांना याहून वेगळं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

बायका हे दुखणं सांगत का नाहीत, याचं उत्तर आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत स्त्रियांची तपासणी केली. ते संशोधन १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि जगभर गाजलं. शंभरातल्या ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ. ती पाहणी पीयूषिकेची नव्हती. पण जिथं अंगावरून पांढरं जाणंही बाई बोलून दाखवत नाही, तिथं 'माझी पाळी बंद झाली' ही तर अनेकींना कटकट मिटल्यासारखीच वाटते.

यात एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून दवाखान्यात लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. गर्भाशय आवळून धरणारं आणि पान्हा सोडणारं हे संप्रेरक पीयूषिकेच्या मागच्या भागातलं. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. म्हणजे मागच्या भागाचं संप्रेरक सुईने देऊन पुढचा भाग वाचवता येतो. दवाखान्यात बाळंत व्हा असं आशाताई घरोघरी सांगत फिरते, त्यात हेही येतं.

उपचार महागडे नाहीत. पण क्रम महत्त्वाचा. आधी कॉर्टिसॉलची भरपाई करणाऱ्या गोळ्या, मग थायरॉक्सिन. उलट केलं, म्हणजे फक्त थायरॉइड कमी दिसलं म्हणून आधी थायरॉक्सिन सुरू केलं, तर शरीरात उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपतं आणि रोगी कोसळू शकतो. त्या बाईला गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या तपासणीला ती एकटी, बस धरून आली.

पुरुषांनी हे बायकांचं म्हणून पान उलटू नये. धानाच्या बांधीत घोणस चावली तर मूत्रपिंडं जातात हे आता लोकांना माहीत आहे. पण घोणशीचं विष रक्त गोठण्याची व्यवस्थाच उधळतं आणि पीयूषिकेतही रक्तस्राव होऊ शकतो. म्यानमारमधल्या रोग्यांवर असं सविस्तर संशोधन १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि असे रोगी भारतातही नोंदले गेले आहेत. सापाच्या चाव्यातून वाचलेला धडधाकट गडी महिन्या-वर्षाने मरगळतो, दाढी विरळ होते, बायकोजवळ जावंसं वाटत नाही. तो लाजेने गप्प राहतो आणि घरचे म्हणतात, विष अजून उतरलं नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे नाही, डॉक्टरांकडे जायचं आणि 'मला अमुक वर्षी घोणस चावली होती' हे वाक्य सांगायचं.

सगळाच बिघाड निसर्गाचा नसतो. बाजारात गुडघेदुखीच्या पुड्या मिळतात, चार दिवसांत पळायला लावणाऱ्या. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. बाहेरून आयतं येतंय म्हटल्यावर पीयूषिका एसीटीएच बंद करते आणि अधिवृक्क ग्रंथी आळसावतात. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेलं, हातपाय काड्या. आणि एक दिवस पुडी संपली म्हणून एकदम थांबवली की उलट्या, चक्कर, रक्तदाब शून्याकडे. पुडी घ्यायला नकोच होती. पण महिनोन् महिने घेतली असेल तर आपल्या मनाने अचानक सोडूही नका. ती डॉक्टरांनी हळूहळू उतरवावी लागते.

प्रोलॅक्टिन वाढलं म्हणून घाबरून रडणाऱ्या मुलीही येतात, कारण कोणीतरी मोबाइलवर 'मेंदूत गाठ' वाचून दाखवलेलं असतं. पीयूषिकेच्या गाठी असतात हे खरं. बहुतेक साध्या असतात; प्रोलॅक्टिनची गाठ तर आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळीनेच अनेकदा आकसते, आणि दुसऱ्या कित्येक नाकातून दुर्बीण घालून काढता येतात. पण त्याआधी पिशवीतल्या गोळ्या दाखवा. गॅससाठी घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या कॅप्सूलींत पुष्कळदा डॉम्पेरिडोन असतं, आणि ते एकटंच प्रोलॅक्टिन वाढवतं. सुईच्या भीतीनेही ते थोडं वाढतं. म्हणून मी अशा मुलीला पंख्याखाली जरा वेळ बसवते, मगच दंड बांधते.

टीएसएच ही वाईट तपासणी आहे असं कोणी समजू नये. मी ती रोज करते आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. पण बाळंतपणात रक्त खूप गेलं, दूध आलं नाही, पाळी परतली नाही, घोणस चावली होती, डोक्याला जबर मार लागला होता, स्टिरॉइडच्या पुड्या घेतल्या होत्या, यांतलं एकही तुमच्या घरात कोणाला लागू असेल आणि थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा आणि विचारा: "टीएसएचसोबत फ्री टी-फोर आणि सकाळचं कॉर्टिसॉल करायचं का?" रातपाळी करून येत असाल तर कधी उठलात तेही आमच्या खिडकीवर सांगा.